'दूध पुरतं का गं तुला?' हे विचारणं आता बंद करा

आज भाचीच्या मुलाचं बारसं होतं. आत्ताच घरी आलेय, साडीसुद्धा बदललेली नाही. आधी हे लिहिते, नाहीतर रात्री झोप लागायची नाही.

भाचीचं सिझर झालंय. टाके अजून ओढतात, तरी पोरीला जरीची साडी नेसवून खुर्चीत ताठ बसवलं होतं. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या आणि बाळ रडायला लागलं. भुकेनं, झोपेनं, माणसांच्या गोंगाटानं, कशानंही रडेल ना ते! पण नाही. एकीनं सुरुवात केली, "दूध पुरतं का गं तुला?" लगेच दुसरी, "सिझरवाल्यांना कमीच येतं." तिसरी म्हणाली, "आमच्या सुनेला पण नव्हतं, दुधाच्या पावडरचा डबा सुरू केला तेव्हा कुठं पोर शांत झोपलं." भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं, तर एका आजींनी दटावलं, "बाळंतिणीनं रडू नये, दूध आटतं." रडवलं कुणी? तिला सकाळपासून काय खाल्लंस, रात्री किती झोपलीस, हे त्या भरल्या घरात एका बाईनं विचारलं नाही.

माझं पहिलं बाळंतपण १९९३चं, कराडजवळ माहेरी. तिसऱ्या दिवशी छाती दगड झाली होती, अंगात कणकण, बाळ लावलं की कळ मस्तकात जायची. बाळ दोन मिनिटं ओढायचं आणि टाहो फोडायचं. दवाखान्यातून घरी येतानाच पिशवीत पावडरचा डबा ठेवलेला होता, 'लागला तर असू दे' म्हणून. घरात सगळ्यांचं ठरलं, हिला दूध नाही. आई बाटली उकळायला ठेवत होती तेवढ्यात थोरली काकू शेतावरून आली. तिनं आईसकट सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि कडी घातली. आधी मला गरम भात आणि तूप-मेतकूट खायला लावलं. मग गरम पाण्यात पिळलेलं फडकं छातीवर ठेवून हलक्या हातानं थोडं दूध काढलं, म्हणजे छाती मऊ पडली. पाठीशी लोड दिला, बाळाचं पोट माझ्या पोटाला चिकटवलं आणि म्हणाली, "त्ये नुसतं टोकाला लटकलंय. तोंड मोठं उघडू दे, सगळं काळं आत जाऊ दे." बाळानं तोंड उघडलं त्या क्षणी तिनं त्याला पाठीकडून पुढं ढकललं. कळ थांबली. बाळाच्या गिळण्याचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला.

बास, एवढंच होतं. दूध होतं, ते बाळाच्या तोंडात जात नव्हतं.

आता कुणी म्हणेल, झालं, हिचं 'जुनं ते सोनं' सुरू झालं. अजिबात नाही. त्याच काकूची सगळी बाळंतपणं घरात, सुईणीच्या हातची झाली. दोन लेकरं सव्वा महिन्याच्या आत गेली. पहिलटकरणीचा चीक तिच्या सासूनं पिळून टाकायला लावला होता, 'घाण असते ती' म्हणून. जे पिवळं, घट्ट दूध बाळाला रोगापासून राखतं, ते मोरीत, आणि बाळाच्या तोंडात कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी! आजही कुणी हौसेनं मध चाटवतं. वर्षाच्या आत मध देऊ नका, त्यानं तान्ह्या बाळाला जिवावरचं आजारपण येऊ शकतं. सहा महिने आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. गुटी उगाळून घालायची फार हौस असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सिझर वाईट, असंही मी म्हणत नाहीये. बाई आणि बाळ जगतात त्यानं. आणि हो, काही जणींना खरंच दूध पुरत नाही, कुणाला औषधं चालू असतात, तिथं पावडर लागते. द्यावी. पण ते डॉक्टरनं बाळाचं वजन बघून ठरवावं, बारशाला आलेल्या बायकांनी नव्हे. आठवड्याच्या पुढचं बाळ दिवसातून सहा-सात दुपटी ओली करतंय आणि वजन चढतंय, तर त्याला दूध पुरतंय. पहिल्या दिवशी त्याला एका वेळेला लागतंच मुळी चमचा-दीड चमचा. सिझर असेल तर दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागतो. आणि बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. मध्येच बाटली दिली की बाळ कमी ओढतं, मग दूध खरंच कमी होतं, आणि मग सगळ्या म्हणतात, बघ, आम्ही म्हणत नव्हतो!

पावडरची जाहिरात करायला, फुकट डबे वाटायला, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापायला आपल्या देशात १९९२च्या कायद्यानं बंदी आहे. कंपन्यांना जे करता येत नाही ते आमच्या मावश्या-आत्या घरोघरी फुकट करतात. याच्या उलट मुंबईत सायनच्या महापालिकेच्या रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची पेढी सुरू केली, आशियातली पहिली. ज्या बाळाला स्वतःच्या आईचं मिळत नाही त्याला दुसऱ्या आईचं दूध. ही किंमत असते त्या दुधाची.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या बायका वाईट नाहीत, मला माहितेय. त्यांनाही त्यांच्या बाळंतपणात हेच ऐकवलं होतं. त्यांच्यासाठी कुणी कडी घातली नव्हती. माझ्या काकूसाठीही नाही. तीही बाराव्या दिवशी खुरपायला गेली होती, बाळ बांधावर झोळीत. शेताच्या दुसऱ्या टोकाला असली की रडणं ऐकू यायचं आणि पदर ओला व्हायचा, पण पात सोडून जाता यायचं नाही. हे तिनं मला त्याच खोलीत, माझ्या पायांना तेल चोळता चोळता सांगितलं. आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत.

मुंबईच्या गिरणगावात शंभर वर्षांपूर्वी बाया तान्ह्या बाळांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जायच्या. दुष्ट होत्या का त्या? गिरणीतली कामाची पाळी चुकली तर मजुरी जात होती. मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या पगारी रजेचं विधेयक आलं तेव्हा १९२८मध्ये बाबासाहेबांनी त्याच्या बाजूनं भाषण केलं आणि पुढच्या वर्षी कायदा झाला. आज कायद्यानं सव्वीस आठवडे रजा आहे. माझ्या भाचीला ती मिळतेय, छान झालं. पण आमच्या इमारतीत धुणंभांडी करणारी ताई? ती दीड महिन्यात कामावर आली. बाळ घरी, सांभाळायला शाळा बुडवून बसलेली थोरली मुलगी. परवा भांडी घासता घासता तिचा ब्लाउज भिजला, तर ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. तिलाही कुणीतरी जिन्यात विचारलंच होतं, "दूध पुरतं का गं?"

पुरेल कसं? बाळ तिकडे, ही इकडे!

तर माझं ठरलंय. भाचीकडे उद्यापासून दुपारचा डबा मी नेणार, आणि भाचजावयांना आत्ताच फोन करून सांगितलंय की रात्री बाळाची ढेकर काढणं आणि दुपटी बदलणं त्यांचं काम. हो म्हणालेत. आणि येत्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी मांडणार आहे की ताईंना बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत प्रत्येक घरानं पगार चालू ठेवायचा आणि काम आपापलं करायचं. माझा आणि शेजारच्या वहिनींचा होकार धरा. ज्यांना हे जड वाटतंय त्यांनी इथं खाली वाद घालू नये, मीटिंगला यावं आणि ताईंच्या समोर सांगावं.