घोडीच्या व्हिटॅमिन ई तपासणीबद्दल आलेल्या एक तारा अभिप्रायाला लॅबचं उत्तर

नमस्कार,

रिपोर्ट सांगितल्यापेक्षा उशिरा मिळाला आणि फोनवर आमच्याकडून आवाज चढला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. पण ‘यांचे आकडे बनावट, दुसऱ्या लॅबमध्ये जवळजवळ चौपट आले, वर पुन्हा तपासायचे परत पैसे मागतात’ हे तुम्ही चारचौघांत लिहिलंत, तेव्हा उत्तरही चारचौघांतच द्यावं लागतंय.

आधी त्या चौपटीचं बघू. घोडीच्या सीरममधलं (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पाण्यासारख्या भागातलं) अल्फा-टोकोफेरॉल, म्हणजेच व्हिटॅमिन ई, आमच्याकडे 1.3 आलं आणि तिकडे 4.8. आमचं एकक मायक्रोग्रॅम प्रति मिली, तिकडचं मायक्रोमोल प्रति लिटर. तुम्हीच टाकलेल्या फोटोत आकड्याशेजारी बारीक अक्षरात ते छापलेलं आहे. टोकोफेरॉलच्या बाबतीत मायक्रोग्रॅमला 2.32 ने गुणलं की मायक्रोमोल मिळतात. उलट करून बघा: 4.8 भागिले 2.32, आले 2.07. म्हणजे फरक दीडपटीच्या थोडा वर आहे, चौपट नाही. घोड्यांत साधारण 2 च्या वर पुरेसं, 1.5 ते 2 काठावर आणि 1.5 च्या खाली कमतरता धरतात, त्यामुळे दीडपटही किरकोळ नाही, हे आम्हीही म्हणतो.

तो फरक कुठून आला? आमच्याकडे आलेली ट्यूब खोक्यात आडवी पडलेली होती, बूच रबरी, भोवती फॉइल नाही, बर्फाच्या पिशवीचं कोमट पाणी झालेलं. रक्त गुठळीसकट तसंच, सीरम वेगळं केलेलंच नव्हतं. घोड्याचं सीरम मुळात चांगलं पिवळं असतं. सेंट्रिफ्यूज केल्यावर, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवल्यावर, हे वर आलं ते लाल. तांबड्या पेशी फुटल्या (यालाच हिमोलिसिस म्हणतात) की त्यांतल्या लोहामुळे टोकोफेरॉलचं ऑक्सिडेशन होतं आणि आकडा खाली येतो. उजेड आणि उष्णता त्यात भर घालतात. रबरी बुचाला रक्त टेकून राहिलं तरी मोजमाप कमी येतं, म्हणून ट्यूब उभी ठेवायला सांगतो. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर ‘हिमोलिसिस आहे, निकाल प्रत्यक्षापेक्षा कमी असू शकतो’ असं स्पष्ट लिहिलंय. तुम्ही फोटो फक्त पहिल्या पानाचा टाकलात.

यावर कुणीही विचारेल, मग लॅबला ही घट भरून काढता येत नाही का? नाही येत. आम्ही 200 मायक्रोलिटर सीरम घेतो, त्यात तेवढंच इथेनॉल घालून प्रथिनं खाली बसवतो. याच इथेनॉलमध्ये टोकोफेरिल अ‍ॅसिटेट इंटर्नल स्टँडर्ड म्हणून, म्हणजे हिशेब ताडून बघायला ठरलेल्या मापात, असतं. मग हेक्झेनमध्ये ओढून घेणं, नायट्रोजनखाली सुकवणं, मेथॅनॉलमध्ये विरघळवणं, आणि एचपीएलसी या घटक वेगळे करणाऱ्या यंत्राच्या सी-18 कॉलमवर (नळीत) 292 नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजणं. हेक्झेनचा थर उचलताना थोडा मागे राहिला तर अ‍ॅसिटेटही त्याच प्रमाणात मागे राहतं, त्यामुळे हिशेब जुळतो. पण हे सगळं अ‍ॅसिटेट घातल्यानंतरचं. त्याआधी ट्यूबमध्ये जे नासलं त्याचा पत्ता अ‍ॅसिटेटला लागणार कसा? त्या खेपेतलं कंट्रोल सीरम (ज्याचा आकडा आधीच माहीत असतो ते) मर्यादेत होतं, आलेखातले दोन्ही पीक (उंचवटे) स्वच्छ सुटे होते. तो आलेख, म्हणजे क्रोमॅटोग्राम, दाखवायला आम्ही तेव्हाही तयार होतो, आजही आहोत.

‘रोज सप्लिमेंट देतो, मग कमी येईलच कसं’ हेही तुम्ही लिहिलंय. पाकिटावर डीएल-अल्फा-टोकोफेरिल अ‍ॅसिटेट असेल तर ते कृत्रिम रूप आहे, आणि घोड्याच्या रक्तातली पातळी त्याने नैसर्गिक, पाण्यात मिसळणाऱ्या रूपाइतकी चढत नाही. त्यात जनावर हिरव्या चाऱ्याऐवजी वाळल्या गवतावर असेल तर आणखी फरक पडतो. डोस मात्र तुमच्या पशुवैद्यांनीच ठरवावा, ते आमचं काम नाही.

पैशांबद्दल. एकच नमुना लावायचा म्हटला तरी ब्लँक (टोकोफेरॉल नसलेला), माहीत प्रमाणाचे पाच स्टँडर्ड आणि कंट्रोल लावावेच लागतात. म्हणूनच नमुने उणे 70 अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवून एकत्र लावतो आणि त्यात वेळ जातो. आमची चूक असती तर एक पैसा मागितला नसता. खराब होऊन आलेल्या नमुन्याचा खर्च छोट्या लॅबने दरवेळी सोसायचा तर दार बंद करावं लागेल.

तरीही पुढची तपासणी निम्म्या शुल्कात करून देऊ. रक्त साध्या ट्यूबमध्ये, बारीक सुई आणि जोराची ओढ टाळून घ्या. गुठळी धरली की जवळच्या दवाखान्यात सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम प्लास्टिकच्या छोट्या ट्यूबमध्ये काढा, फॉइल गुंडाळा, गोठवा आणि गोठलेलंच पाठवा. यापुढे रिपोर्टवर दोन्ही एककं देण्याचं बघतो, हिमोलिसिसची नोंदही पहिल्या पानावर घेऊ, आणि फोनचंही काहीतरी करतो.

तारे वाढवा असं म्हणणार नाही, तो तुमचा अधिकार आहे. ‘बनावट’ हा शब्द तेवढा काढावा, एवढीच विनंती.