असं कोणतंही फंक्शन नाही

माझ्या मशीनवर काल संध्याकाळपर्यंत वर्गमूळ व्यवस्थित निघत होतं. आज सकाळी तीच क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, सर्व्हरवर चढवली आणि एसक्यूलाइट या डेटाबेसनं कळवलं, ‘नो सच फंक्शन: एसक्यूआरटी’, म्हणजे वर्गमूळ काढणारं असं फंक्शनच नाही. नाही म्हणजे नाहीच! शाळेत ज्यानं मला रडवलं, ते वर्गमूळ मुळात अस्तित्वातच नाही म्हणे. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तासाभरानं कारण सापडलं. ही गणिती फंक्शनं २०२१ साली ३.३५ आवृत्तीत आली, पण लायब्ररी कंपाइल करताना, म्हणजे कोडपासून चालवता येणारा प्रोग्रॅम बनवताना, कुणी ‘एनेबल मॅथ फंक्शन्स’ लिहिलं असेल तरच ती मिळतात. माझ्याकडच्या कमांड लाइनच्या शेलमध्ये ती होती, सर्व्हरवरच्या लायब्ररीत नव्हती. तिथली लायब्ररी बदलायचा मला अधिकार नाही.

एवढ्यात मागच्या खुर्चीतले सर वळले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

“कंपाइल टाइमचं दुखणं दिसतंय.”

“हो सर.”

“मग रनटाइमला, प्रोग्रॅम चालताना, रडून काय उपयोग? काही गोष्टी गर्भातच ठरतात.” त्यांनी टकलावरून हात फिरवला. “हे बघ. हे कंपाइल टाइम. वीस वर्षं तेल लावलं, ते रनटाइम. फरक पडला?”

“नाही सर.”

“थ्रेडिंगचं घे, एका वेळी अनेक कामं चालवण्याचं. थ्रेडसेफ शून्य ठेवून कंपाइल केलं की म्यूटेक्सचा, म्हणजे त्या कामांची टक्कर टाळणाऱ्या कुलपाचा, कोडच गाळला जातो. नंतर कितीही विनवण्या कर, परत येत नाही. माझा धाकटा भाऊ तसाच. एका वेळी एकच काम. आईनं सगळे उपाय केले...”

भावाचं लग्न, नोकरी आणि दुसरी नोकरी होईपर्यंत मी मान डोलावत होतो.

खरं सांगायचं तर तोंडावर ‘नाही’ म्हणणारं मला चालतं. राग आहे तो गप्प बसणाऱ्याचा. फॉरिन की, म्हणजे एका टेबलातली नोंद दुसऱ्यातल्या खऱ्या नोंदीलाच जोडलेली असावी हे नियम, एसक्यूलाइटमध्ये सहसा बंदच असतात. प्रत्येक कनेक्शनला प्राग्मा नावाची सेटिंगची आज्ञा देऊन त्या चालू कराव्या लागतात. मागच्या महिन्यात मी ‘फॉरिन_कीज’मधला शेवटचा ‘एस’ खाल्ला. अनोळखी प्राग्मा दिसला की हे महाशय चूक दाखवत नाहीत, निमूट सोडून देतात. तीन आठवडे टेबलात बिनआईबापाच्या नोंदी साठत गेल्या आणि सगळ्या मी हातानं निस्तरल्या. दस्तऐवजात हे लिहिलेलं आहे, मान्य. पण अपघात झाल्याशिवाय ते पान उघडतं कोण? आणि एसक्यूआरटीला ओरडायला जमतं, तर इथंच का दातखीळ बसते?

असो. सरांचा भाऊ तिसऱ्या नोकरीला लागेपर्यंत मी ‘क्रिएट फंक्शन’ वापरून स्वतःचं वर्गमूळ रनटाइमलाच जोडायला घेतलं होतं. सर मागून वाकून स्क्रीन बघत होते.

“हे कशाला हवंय तुला?”

“दोन बिंदूंमधलं अंतर काढायला. जवळचा आधी, लांबचा नंतर.”

“अंतर दाखवायचंय कुठे?”

“नाही, फक्त क्रम लावायचाय.”

“मग वर्गमूळ कशाला काढतोस? वर्गावरच क्रम लाव. तोच येतो.”

मी घड्याळाकडे पाहिलं. पाऊण तास. हे वाक्य पहिल्या मिनिटाला सांगता आलं असतं. वर्गमूळ खोडलं, क्वेरी चालली. सर पुन्हा भावाकडे वळले.