फेब्रुवारीत सरसकट कात्री चालवू नका, त्या फॉरवर्डमधलं एकेक बघू

सध्या ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. थोडक्यात असं की थंडी संपताना फेब्रुवारीत गुलाब आणि सगळी फळझाडं एकदम कडक छाटा, गुलाबाला सात पानांची फांदी दिसली की जंगली समजून उपटा, हापूसची कोय ड्रममध्ये लावा म्हणजे तीन वर्षांत आंबे, खताला केळीच्या साली आणि एप्सम सॉल्ट, आणि कापलेल्या जागी हळद. घोडबंदर रोडच्या एका ताईंनी विचारलं की माळी बोलावलाय, छाटून घेऊ का, म्हणून हे टाईप करतोय. ताई, थांबा जरा.

फेब्रुवारीत गुलाब छाटा, हे जिथे बर्फ पडतो तिथलं आहे हो. तिकडे गुलाब थंडीत झोपतो आणि वसंतात जागा होतो, म्हणून जागा व्हायच्या आधी छाटतात. आपल्याकडे कोलशेत काय किंवा खारघर काय, गुलाब झोपतच नाही, उलट नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच त्याचा खरा सीझन. म्हणून आपली मोठी छाटणी ऑक्टोबरात, दसरा झाला आणि पाऊस खरंच गेला अशी खात्री पटली की. छाटल्यावर साधारण दीड महिन्यात फुलं येतात, म्हणजे बरोब्बर थंडीत, मोठी आणि टिकाऊ. फेब्रुवारीत कडक छाटलंत तर कोवळी फूट थेट मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडते, फुलं बटणाएवढी येतात आणि वर फुलकिडे, लाल कोळी यांची पार्टी. फेब्रुवारीत सुकलेली फुलं काढा, वाळक्या काड्या काढा, बास. आणि भर पावसात तर मोठी छाटणी नकोच, ओल्या जखमेतून फांदी वरून खाली काळी पडत जाते, त्याला डायबॅक म्हणतात, आपल्या दमट हवेत गुलाब जातात ते बऱ्याचदा त्याच्यामुळेच.

"कडक" म्हणजे किती ते पण बघा. त्या मेसेजमध्ये अर्धा फूट ठेवून सगळं उडवा म्हटलंय. हायब्रिड टीच्या (लांब दांड्यावर एकेक मोठं फूल येणारा गुलाब) निरोगी झाडावर चार-पाच चांगल्या फांद्या दीड-दोन फुटांवर ठेवल्या तरी पुष्कळ झालं, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट येते तो कोंब) किंचित वर तिरका काप द्यायचा, सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री धारदार हवी. गावठी गुलाबाला फक्त हलकी छाटणी. आणि वेलगुलाबाला हा नियम लावलात तर त्या वर्षीची फुलं विसरा, कारण त्याच्या जुन्या लांब फांद्यांच्या बगलेतूनच फुलं येतात.

सात पानांची गोष्ट अर्धी खरी आहे म्हणूनच जास्त घातक. नर्सरीचा गुलाब बहुतेक वेळा खुंटावर (जंगली गुलाबाच्या मुळाच्या झाडावर) चांगल्या जातीचा डोळा भरून केलेला असतो आणि खुंटाचा फुटवा जोरात वाढून वरचं झाड खाऊन टाकतो हे बरोबर. पण सात पानं चांगल्या गुलाबालाही येतात, जोरदार वाढीच्या फांदीवर तर हमखास. पानं मोजू नका, खाली वाका आणि फांदी डोळा भरलेल्या गाठीच्या खालून आलीय का वरून ते बघा. खालून आली असेल तर मुळापाशी माती सारून तिथूनच काढा, वरून असेल तर हात लावू नका, तीच तुमची पुढची मुख्य फांदी.

आता हापूसची कोय. रुजते, नाही कोण म्हणतंय? पण हापूसच्या कोयीतून एकच रोप येतं आणि ते परागीकरणातून आलेलं असतं, त्यामुळे आईसारखं फळ येईलच असं नाही, आणि फळ धरायला सहा-सात वर्षं तरी, जास्तही लागतात. तेवढ्यात ड्रम फुटेल, सोसायटी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला देईल! गच्चीवरच लावायचाय तर आम्रपालीसारखं बुटकं कलम घ्या, कलमाला तीन-चार वर्षांत मोहोर दिसायला लागतो. किंवा रत्ना, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेली जात. बी लावायची हौसच असेल तर कागदी लिंबू लावा, त्याच्या एका बीतून बऱ्याचदा दोन-तीन रोपं येतात आणि त्यातली बरीचशी आईसारखीच निघतात. वेळ मात्र लागेल.

केळीच्या साली कच्च्या कुंडीत टाकल्या तर झुरळं आणि चिलटं, कंपोस्टमध्ये टाका. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम, ते कमी असेल तरच उपयोग. हळद लावा, बिघडत काही नाही, पण जाड कापाला कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाची पेस्ट बरी, पाकळ्यांचा गुलकंद करणार असाल तर औषध फुलांवर उडू देऊ नका.

आणि "सगळी फळझाडं" म्हणजे कोणती? सीताफळाला फेब्रुवारी चालतो, पानं गळून बसलेलं असतं. पेरूला नव्या फुटीवर फूल येतं, छाटणी त्याला मानवते, पण झाडावर फळं असताना नको. लिंबाच्या फक्त वाळलेल्या फांद्या आणि पानसोट (सरळ जोरात वाढणारे, फळ न धरणारे फुटवे) काढा, चिकूला तर फारसं काही लागतच नाही. आंब्याला मात्र फेब्रुवारीत हात लावाल तर कपाळावर हात माराल, कारण मोहोर येतो जून, म्हणजे पक्क्या झालेल्या शेंड्यावर आणि तेव्हा तिथेच वाटाण्याएवढी, सुपारीएवढी कैरी लटकत असते. आंबे उतरले की हलकं छाटा, नवी पालवी थंडीपर्यंत जून व्हायला वेळ मिळतो.

सोसायटीच्या आवारातला आंबा असेल तर माळ्याला फोन करायच्या आधी पालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करा, झाडांच्या जतनाचा राज्याचा कायदा १९७५ पासून आहे. परवानगीचं पत्र आलं की त्याची एक झेरॉक्स वॉचमनच्या केबिनमध्ये चिकटवून ठेवा, फांदी खाली पडायच्या आत कोणीतरी तक्रारीचा फोन करतंच.