कुलपाचं चिन्ह म्हणजे खरेपणाचा दाखला नव्हे

बडोद्यातल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक मजकूर फिरतोय. आजची मुलं मोबाइल घेऊनच वाढली, त्यांना खरं-खोटं आपोआप कळतं. साइटवर कुलपाचं चिन्ह असावं, नावात डॉट ऑर्ग असावं, मांडणी नेटकी असावी, बस्स. विकिपीडियाला मात्र हात लावू नये. आणि यासाठी शाळेने वेगळा तास कशाला घालवावा? लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण हे सल्ले ऐकले तर मुलं हमखास फसतील.

‘आपोआप कळतं’ म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतली एक पाहणी बघावी. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ३,४४६ शाळकरी विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. त्यात मतपेटीत बोगस मतं कोंबल्याचा व्हिडिओ होता. तो अमेरिकेतला म्हणून फिरत होता, प्रत्यक्षात होता रशियातला. निम्म्याहून जास्त मुलांना तो भक्कम पुरावा वाटला. इंटरनेट हाताशी असूनही मूळ शोधून काढलं फक्त तिघांनी.

मनाला पटतंय की नाही, यावर तर मुळीच जाऊ नये. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा अकोट्याकडे छपरावर बसलेल्या मगरीचा व्हिडिओ आला. परगावच्या माणसाला ती थाप वाटेल. ते खरं होतं. उलट ‘युनेस्कोने जन गण मन हे जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतो, वाचून ऊर भरून येतो, आणि तो साफ खोटा आहे.

कुलपाचं चिन्ह एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधली देवाणघेवाण तिसऱ्याला वाचता येत नाही. साइट चालवणारा लबाड असला तरी कुलूप दिसतंच. लोक त्याचा भलता अर्थ घेतात म्हणून गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते चिन्ह काढून टाकलं. डॉट ऑर्ग पैसे भरून कुणालाही मिळतं. नेटक्या मांडणीबद्दल काय बोलावं, ती तर आता काही मिनिटांत होते.

मग पारख करायची कशी? स्थळ आलं की आपण मुलाकडच्यांनीच दिलेल्या माहितीवर थांबत नाही, चार ठिकाणी चौकशी करतो. स्टॅनफर्डच्याच सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना अनोळखी साइट्स तपासायला दिल्या. प्राध्यापकांसारखी विद्वान मंडळीही तेच पान वरपासून खालपर्यंत वाचत बसली आणि बरेचदा फसली. तपासनीस मात्र लगेच पानाबाहेर पडले, नव्या टॅब उघडून ही संस्था कुणाची, पैसा कुणाचा, इतर काय म्हणतात हे पाहिलं आणि कमी वेळात अचूक निर्णयावर आले. मुलांना शिकवायचं ते नेमकं हेच.

त्यासाठी तपासनीस आधी जिथे जातात त्यात विकिपीडियाही असतो. लेखाच्या तळाशी संदर्भ असतात, तिथून मूळ ठिकाणी पोचता येतं. निबंधात विकिपीडियाचा हवाला देऊ नये हे मान्य. पण उघडूच नको म्हणणं म्हणजे मुलांच्या हातातलं चांगलं साधन काढून घेणं.

राहिला तासाचा प्रश्न. एका कार्यशाळेने भागत नाही, हे खरंच आहे. २०१९ च्या निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये लोकांना तासाभराचं प्रशिक्षण देऊन पाहिलं गेलं, एकंदर फारसा परिणाम दिसला नाही. म्हणून तर वेगळा तास नको, रोजच्या विषयांतच हे यायला हवं. आठवीच्या वर्गाला विचारा: बडोदा संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण कधी सुरू झालं? कुठे १८९३ सापडेल, कुठे १९०६. दोन्हींपैकी एक खोटं ठरवण्याची घाई न करता शोधलं, तर कळतं की सयाजीरावांनी आधी अमरेलीत प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. इतिहासाच्या त्याच तासिकेत, धडा न सोडता, हे होऊ शकतं.