जाळीच्या कपाटाचे चार पाय

माझे आजोबा भुसावळला रेल्वेत कारकून होते. १९४७ नंतर तिथल्या वसाहतीतले एक अँग्लो-इंडियन कुटुंब विलायतेला निघाले, तेव्हा त्यांचे जाळीचे कपाट आजोबांनी स्वस्तात उचलले.

कपाट दिसायला सात्त्विक आहे: सागवानी चौकट, बारीक तारेची जाळी आणि चारही पाय चिनी मातीच्या चार वाडग्यांत. वाडग्यांत पाणी भरले की मुंग्या वर चढत नाहीत, हा त्यामागचा सिद्धान्त. साहेबाच्या काळात उरलेले मटण, दूध, लोणी अशाच कपाटात राहत असे आणि सिद्धान्त खराही ठरत असे, कारण त्याच्या दिमतीला माणसे होती. ‘अँग्लो-इंडियन’ हे नाव १९११ च्या जनगणनेपासून मिश्र वंशाच्या लोकांना अधिकृतपणे लागू झाले. त्याआधी ते इथे राहणाऱ्या गोऱ्या साहेबाचे होते, आणि त्याच्या बंगल्यात पाण्याला भिस्ती, स्वयंपाकाला खानसामा, भांड्यांना मसालची, झाडलोटीला मेहतर आणि पंख्याच्या दोरीला पंखेवाला असा फौजफाटा असे. एकाच्या कामाला दुसरा हात लावीत नसे, म्हणून मडमा वैतागत. आमच्याकडे कपाट तेवढे आले. बाकीची सर्व पदे मी एकटा भूषवतो.

पाणी रोज बदलावे लागते. एक दिवस चुकला की त्यावर धुळीची साय धरते आणि मुंग्या वारीला निघाल्यासारख्या तिच्यावरून पलीकडे जातात. एकदा पाणी ताजे असूनही बेसनाच्या लाडवांना मुंग्या लागल्या. तासभर शोधल्यावर कळले की केरसुणीची एक काडी भिंत आणि कपाट यांच्यामध्ये अडकली होती, आणि प्रत्येक मुंगी समोरून येणारीची थांबून विचारपूस करीत त्या पुलावरून जात होती.

मुंग्यांचेही निभावले असते. पण गणपतीत आम्ही आठ दिवस गावी गेलो आणि परतलो तोच आरोग्य खात्याचे तपासनीस बॅटरी घेऊन दारात उभे. चारही वाडग्यांत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. मलेरियाचा डासाशी असलेला संबंध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला दाखवून दिला; तोपर्यंत साहेब लोक तापाचे खापर दलदलीच्या दूषित हवेवर फोडीत. मला ती सोय उरलेली नव्हती.

“हे पाणी बदलायची जबाबदारी कोणाची?” नोटिशीचे पुस्तक उघडत तपासनिसांनी विचारले.

मडमेने भिस्तीला हाक मारली असती. लग्नात माझे नाव घ्यायला अर्धा तास आढेवेढे घेणाऱ्या सौभाग्यवतींनी ते वडिलांच्या नावासह, उखाण्याशिवाय सांगितले आणि आडनावातला दीर्घ ऊकारही दुरुस्त करून घेतला.