‘लेखकाने कधी लिपस्टिक लावून पाहिली आहे का?’ – होय, पाहिली आहे

‘एक वाचक’ यांस,

आपली प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. उत्तर तिथेच खाली लिहायला घेतलं होतं, पण ते लांबत गेलं, म्हणून इथे वेगळं टाकतो आहे. मागच्या लेखात मी पोर्ट्रेटवर संगणकात मेकअप कसा चढवायचा ते लिहिलं होतं. ओठ, गाल, पापण्या असे रंगवायचे की माणूस मेकअप करूनच कॅमेऱ्यासमोर बसला होता असं वाटावं. त्यासाठी फोटोवर रंगाचा वेगळा थर चढवतात, आणि तो थर खालचा फोटो गडद करत त्यात मिसळण्याच्या एका पद्धतीला ‘मल्टिप्लाय’ म्हणतात. त्यावर आपण लिहिलंत ते इतरांसाठी जसंच्या तसं देतो :

‘लेख माहितीपूर्ण आहे, पण तिसऱ्या फोटोतले ओठ लिपस्टिक लावल्यासारखे नाही, मार लागल्यासारखे दिसतात. सावळ्या चेहऱ्यावर मल्टिप्लाय वापरलं की हेच होणार. फ्लो आणि ओपॅसिटी यांत गल्लत झाली आहे. गालांचा रंग सावलीच्या बाजूलाही तेवढाच आहे. लेखकाने आयुष्यात कधी स्वतः लिपस्टिक लावून पाहिली आहे का, असा प्रश्न पडला. असो.’

पुढे एक हसरा चेहरा.

आधी चूक कबूल करतो. फ्लो आणि ओपॅसिटीबद्दल आपलं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. ओपॅसिटी, म्हणजे रंगाचा झाकण्याचा जोर, ही एका फटकाऱ्याची कमाल मर्यादा. ब्रश टेकवल्यापासून उचलेपर्यंत कितीही घासा, रंग त्या मर्यादेपलीकडे जात नाही. फ्लो कमी ठेवला की त्याच फटकाऱ्यात हात फिरेल तसतसा रंग हळूहळू साचत जातो, पावडर साचते तसा. गालांसाठी ‘फ्लो २-३ टक्के’ असं लिहायचं होतं, घाईत ओपॅसिटी लिहून गेलो. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली तर मान्य करायला मला कधी कमीपणा वाटलेला नाही, जुने वाचक याला साक्षी आहेत.

आता त्या ‘असो’बद्दल. मराठीत ‘असो’ दोन प्रकारे येतं. आपलंच पाल्हाळ आवरायला माणूस ‘असो’ म्हणतो, किंवा समोरच्यावर आणखी शब्द वाया घालवायचे नाहीत हे कळवायला म्हणतो. आपलं दुसऱ्या प्रकारातलं आहे, हे कळायला मराठीचा प्राध्यापक असायची गरज नाही. प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता ‘असो’ म्हणून दार ओढून घ्यायचं, याला प्रश्न म्हणत नाहीत. पण प्रश्न ‘पडला’च आहे तर उचलतो.

दहावीनंतरच्या सुट्टीत मी एका फोटो स्टुडिओत निगेटिव्ह रिटच करायला बसलो. तिरकी चौकट, दुधी काच, तिच्यामागून उजेड आणि सुईसारखं टोक केलेली शिसपेन्सिल. निगेटिव्हवर आधी एक द्रव चोळावं लागायचं, त्याशिवाय पेन्सिल धरायची नाही. सगळं उलटं असतं तिथे. डोळ्यांखालची काळी वर्तुळं निगेटिव्हवर फिकी दिसतात, ती शिशाने भरली की प्रिंटवर उजळतात. थोडं जास्त भरलं तर डोळ्याखाली पांढरा डाग. अन्डू नव्हतं. दुसऱ्या वर्षी मालकांनी ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट रंगवायला दिले. पाण्यात विरघळणारे पारदर्शक रंग, गालांना कापसाचा बोळा, ओठांना तीन-चार केसांचा ब्रश. रंगाखालची मूळ छटा दिसत राहिली पाहिजे, एवढा एकच नियम. रंग जाड लागला की मालक काही बोलायचे नाहीत, मला बाहेर पाठवायचे. बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांच्या गालांची लाली नेमकी कुठे संपते ते बघून ये, म्हणायचे. मी बघून यायचो आणि दर वेळी उत्तर चुकायचं, कारण ती कुठे संपतच नाही, नुसती विरत जाते.

हे काम काही माझ्या मालकांनी शोधलं नव्हतं. डग्युरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरचा सुरुवातीच्या काळातला फोटो, जगापुढे आला १८३९मध्ये, आणि तो रंगवण्याच्या पद्धतीचं पेटंट रिचर्ड बिअर्ड यांनी इंग्लंडमध्ये घेतलं १८४२मध्ये. फोटोला तीन वर्षं होत नाहीत तोच लोकांना त्यात गालांचा रंग हवा झाला! कोरडी रंगपूड डिंकात मिसळून बारीक ब्रशने पत्र्यावर टेकवायची आणि तोंडाच्या वाफेने बसवायची, असं ते काम चाले. करणारे बरेचसे लघुचित्रं काढणारे चित्रकार होते. त्यांच्यातल्या किती जणांनी आरशासमोर बसून स्वतःचे ओठ रंगवले असतील, ते आपणच सांगा. शिंप्याने शिवलेला प्रत्येक परकर आधी नेसून बघावा, असा आग्रह आपण धरता का?

आणि तरीही, होय, मी लिपस्टिक लावून पाहिली आहे. हे कुणाला सांगायचा विचार नव्हता. आपण सांगायला लावलंत.

काही वर्षांपूर्वी एका कामात ओठ काही केल्या जमत नव्हते. रंग बरोबर, कडा बरोबर, तरी चेहऱ्यावर कागद कापून चिकटवल्यासारखं दिसत होतं. रात्री बाराच्या सुमाराला कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, बाजूला एक दिवा ठेवला, बायकोच्या ड्रॉवरमधून एक मॅट आणि एक ग्लॉसी अशा दोन लिपस्टिक उचलल्या आणि स्वतःच्या तोंडावर प्रयोग केला. टायमरवर चाळीसेक फोटो काढले. मधेच बायको पाणी प्यायला उठली. दारात उभी राहून तिने माझ्याकडे पाहिलं, ‘झोपताना दिवा बंद करा’ एवढंच म्हणाली आणि गेली.

त्या चाळीस फोटोंनी मला जे शिकवलं ते कुठल्याही ट्यूटोरियलने शिकवलं नव्हतं. ग्लॉसची चमक लिपस्टिकच्या रंगाची नसते, दिव्याच्या रंगाची असते. ओठ लालभडक, पण त्यावरचा ठिपका पांढराच. आणि मल्टिप्लायचा थर त्या ठिपक्यालाही लाल करून टाकतो. माझा कागदी ओठ तिथे फसला होता. म्हणून ब्लेंड इफमध्ये (खालचं चित्र किती उजळ आहे त्यावरून वरचा थर कुठे दिसावा ते ठरवणारी फोटोशॉपमधली सोय) खालच्या थराचा पांढऱ्या बाजूचा स्लायडर आत ओढायचा आणि ऑल्ट दाबून त्याचे दोन भाग करायचे, म्हणजे रंग चमकेपाशी पोचता पोचता विरतो आणि चमक मोकळी राहते. मॅटचं उलट. मॅट लिपस्टिक ओठांची चमकच विझवते, तेव्हा तिथे नुसता रंग चढवून भागत नाही, आधी खालची चमक उतरवावी लागते. शिवाय रंग ओठांच्या उभ्या बारीक रेघांत साचतो, उंचवट्यांवर पातळ राहतो, आणि तोंडाच्या आतल्या ओल्या कडेला जवळजवळ धरतच नाही.

आणखी एक. वीस वर्षं सिगारेट ओढल्यामुळे माझे ओठ मुळात काळपट आहेत. लिपस्टिक लावल्यावर ते आधीपेक्षा उजळ दिसले. लिपस्टिक म्हणजे पारदर्शक काच नव्हे, तिच्यातलं रंगद्रव्य खालचा रंग झाकतं. मल्टिप्लाय नावाप्रमाणे दोन थरांच्या उजळपणाचा (काळा शून्य, पांढरा एक) गुणाकार करतं, आणि एकपेक्षा लहान आकड्यांचा गुणाकार दोघांपैकी कुणाहूनही मोठा येत नाही, म्हणजे ते उजळ कधीच करणार नाही. हे मलाही कळतं, ‘एक वाचक’. म्हणून तर लेखात मी ‘बहुतेक वेळा मल्टिप्लाय’ असं लिहिलं होतं. ‘बहुतेक वेळा’ हे दोन शब्द आपण वाचले असते तर सावळ्या चेहऱ्याचा मुद्दा उपस्थितच झाला नसता. गडद ओठांसाठी नॉर्मल मोडमधला, म्हणजे खालचा रंग सरळ झाकणारा थर आणि त्यावर मूळ ओठांचा पोत परत आणणं हा स्वतंत्र विषय आहे, त्यावर केव्हातरी लिहीन.

गालांच्या सावलीचं म्हणाल तर तो बराचसा आवडीचा प्रश्न आहे. सावलीतल्या गालावर रंग किती दिसावा याची मोजपट्टी माझ्याकडे नाही आणि तुमच्याकडेही नसावी.

मला खरी गंमत वेगळ्याच गोष्टीची वाटते. त्या लेखाचा तिसरा हिस्सा आयलायनरवर आहे. एफ/१.८वर, म्हणजे लेन्सचं तोंड खूप उघडं ठेवून काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याजवळचा डोळा धारदार असतो आणि पलीकडचा किंचित धूसर. दोन्ही डोळ्यांना सारख्याच कडक ब्रशने लायनर ओढलं की पलीकडची रेघ फोटोतून सुटून वर तरंगायला लागते. रंगवलेल्या जागेत सेन्सरचा नॉइज, म्हणजे बारीक दाणेदारपणा, नसतो, तो मोजून परत घालावा लागतो, नाहीतर मोठ्या प्रिंटवर ती जागा मेणासारखी गुळगुळीत दिसते. हे लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या. त्यावर तुमचा एक शब्द नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही. ‘माहितीपूर्ण’ या एका शब्दात ते सगळं आलं असावं. माहितीपूर्ण तर औषधाच्या बाटलीवरचं लेबलही असतं.

आणि ‘मार लागल्यासारखे’? तो फोटो कुणा खऱ्या व्यक्तीचा आहे. तिने तो पाहिला आहे, तिला तो आवडला आहे, आणि तुमची प्रतिक्रियाही तिच्या वाचनात येऊ शकते. ओठ गडद झालेत एवढंच म्हणून भागलं असतं. तुम्ही तो फोटो मोबाइलवर, ब्राइटनेस निम्म्यावर ठेवून पाहिला असणार, अशी मला दाट शंका आहे. माझा मॉनिटर दर महिन्याला कॅलिब्रेट होतो, म्हणजे त्याचे रंग तपासून बरोबर जुळवले जातात. छापायच्या रंगाबद्दल बोलायचं तर निदान तेवढं तरी करावं लागतं.

तुम्ही या क्षेत्रात काम करता का, मला माहीत नाही. टोपणनावावरून बाई की बुवा तेही कळत नाही. करत असाल तर तुमची कामं पाहायला आवडतील. दुवा द्या, मी शेवटपर्यंत पाहीन आणि ‘असो’ न म्हणता लिहीन.

आपला,
लेखक

ता. क. – तिसऱ्या फोटोतल्या ओठांच्या थराची ओपॅसिटी ४० वरून २८ केली आहे आणि फोटो बदलला आहे. त्याचा या प्रतिक्रियेशी संबंध नाही. काल सहज बायकोच्या मोबाइलवर पाहिला, ब्राइटनेस पूर्ण होता, तरी जरा काळपट वाटला. सावलीकडच्या गालाला अजून हात लावलेला नाही.