शकुंतला इंग्रजांची होती म्हणून बंद नाही पडली

ऑगस्ट लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज येतोच, 'आजही या रेल्वेसाठी आपण इंग्रजांना पैसे मोजतो', खाली चार लालबुंद चेहरे आणि फोटो आमच्या शकुंतलेचा, म्हणजे विदर्भातल्या मूर्तिजापूर-कारंजाकडच्या छोट्या गाडीचा. मी कारंजाचा माणूस (कारंजा लाड, नृसिंह सरस्वती गुरुमहाराजांचं, वर्धेकडचं कारंजा घाडगे नाही). बापहो, राग धरा, पण जागा चुकून राहिली तुमची.

लाईन टाकली सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीनं, तिच्यामागे मुंबईची किलिक निक्सन ही 1857 ची पेढी, आणि ती पेढी केव्हाच देशी हातात गेलीय. रूळ अडीच फुटी. मूर्तिजापूरहून एक फाटा दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला, 76 किलोमीटर, दुसरा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, 113. दारव्ह्याहून पुसदलाही एक फाटा होता, तो तर कधीचाच उखडला. सगळा खटाटोप कापसापायी. कापूस बैलगाडीनं जिनात, सरकी वेगळी झाली की रुई प्रेसमध्ये, गाठी बांधून या छोट्या गाडीत, मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत, मग मुंबई आणि तिथून मँचेस्टर. ज्या इंजिनाचं कौतुक अजून सांगतात तेही मँचेस्टरचंच, 1921 चं, 1923 ला कामाला लागलं ते 15 एप्रिल 1994 ला डिझेल येईस्तोवर. सत्तर वर्षं!

आता खरी गोम. लाईन कंपनीची, गाडी चालवायची रेल्वे, कमाईतला वाटा कंपनीला. देशातल्या बाकी बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या, ही राहून गेली, आणि करार दहा-दहा वर्षांनी पुढे ढकलत राहिले. भाड्याच्या घराचं छप्पर कोण शाकारणार? मालक म्हणते राहतो कोण, भाडेकरू म्हणते घर कोणाचं. घर गळत राहते. तसेच रूळ झिजले, मग गाडीचा वेग कमी केला, वेग कमी झाला म्हणून लोक एसटीत बसले, लोक नाही म्हणून खर्च नाही. अचलपूरच्या 76 किलोमीटरला चार तास लागायचे! शेवटी एकेक करून दोन्ही फाटे बंद.

आमचे मामा दारव्ह्याचे. उन्हाळ्यात आई आम्हाला गाडीनंच न्यायची, एसटीत मला उलटी व्हायची म्हणून, आणि तिकीटही स्वस्त पडायचं. फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे सरकली की पुन्हा उघडून पळत येऊन चढायचा. आम्हाला तो सगळा खेळच वाटायचा, आई मात्र म्हणायची, 'एवढ्या वेळात तर चहा झाला असता माय'. डब्यात दुधाच्या कॅन, भाजीच्या टोपल्या, कारंजाला दर्शन करून परतणारी म्हातारी माणसं. यातल्या एकालाही मालक कोण आहे याचं घेणंदेणं नव्हतं.

2016 ला सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना शकुंतलेची लाईन ब्रॉडगेज, म्हणजे मोठ्या रुळांची, करायला सुमारे 1500 कोटींची बातमी आली होती, आमच्याकडे पेढे वाटले होते लोकांनी, मी पण खाल्ले. वर्धा-यवतमाळ-नांदेड लाईनचं काम सुरू आहे, वर्धा ते कळंब गाडी फेब्रुवारी 2024 ला सुरूही झाली, आनंद आहे. यवतमाळ, दारव्हा, पुसदला रेल्वे मिळेल. पण ती लाईन कारंजाला येत नाही, अचलपूरला तर नाहीच नाही. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आमच्या गावात गाडी थांबत होती आणि आता पोराला ट्रेन दाखवायची तर मूर्तिजापूरला न्यावं लागते.

मागच्या दिवाळीत नेलं होतं त्याला आपल्या स्टेशनवर. रुळांत बाभळी माजल्या, गवत गुडघ्याएवढं. त्यानं विचारलं, बाबा इथं गाडी कुठून यायची? मी हात केला मूर्तिजापूरकडे, तिकडे कोणाची तरी म्हैस बांधली होती.

तर यंदा तो फॉरवर्ड मला पाठवू नका. पाठवायचाच असेल तर आपल्या आमदार-खासदाराला पाठवा, आणि खाली विचारा, कारंजाचं काय?